मानेचा ताण आणि आपलं रुग्णसाहित्याचं कपाट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या वतीने केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून)

 मागच्या खुर्च्यांवर मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या तरुण मंडळींनी मुद्दाम ऐकावं, कारण आजचा विषय मानेचाच आहे.

सचिवांनी मला ‘रुग्णसेवा आणि आपली सोसायटी’ असा मोठा विषय दिला होता आणि वेळ दिली वीस मिनिटं. बँकेत एवढ्या वेळात एक कर्जप्रकरणसुद्धा धड वाचून होत नाही. म्हणून मी त्यातली एकच वस्तू घेतली आहे. आपल्या रुग्णसाहित्याच्या कपाटात व्हीलचेअर आहे, दोन वॉकर आहेत, कमोडची खुर्ची, हवेची गादी, पाठीला टेकायची घडीची फ्रेम, नेब्युलायझर असं बरंच काही आहे. डिपॉझिट भरायचं, वहीत सही करायची आणि घेऊन जायचं. मात्र कपाटाशेजारी तो निळा लोखंडी स्टँड उभा आहे, मानेच्या ट्रॅक्शनचा, तो मागायला आलेल्याला मी आधी डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा कागद विचारतो. त्यावरून थोडीफार कुरबुर झालेली आहे. ‘साहेब अजून बँकेतच आहेत, केवायसी मागतात,’ असंही कानावर आलं. तेव्हा तो स्टँड कसा झाला, तसाच का झाला आणि कागद का लागतो, हे आज सगळ्यांसमोर सांगतो.

आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. ते सात मणके दिवसभर तोलून धरतात. वय वाढलं की मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, हाड थोडं वाढतं, हाताकडे जाणाऱ्या नसेची वाट अरुंद होते. मग मान दुखते, खांदा दुखतो, हातात मुंग्या येतात. आपण सगळ्यालाच ‘स्पाँडिलायसिस’ म्हणून मोकळे होतो. ट्रॅक्शन म्हणजे डोकं हलकेच शरीरापासून दूर ओढून त्या जागेला जरा उसंत द्यायची. कल्पना फार जुनी आहे. हिप्पोक्रेटिसच्या काळी पाठीचा कणा ताणायचे लाकडी बाक होते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन नावाच्या वैद्याने हनुवटी आणि डोक्याचा मागचा भाग धरणारा पट्टा वापरला. आजही तसल्या पट्ट्याला ग्लिसनचं नाव आहे. पुढे १९३३ साली अमेरिकेत क्रचफील्ड यांनी कवटीला धरणारा चिमटा आणला, पण तो मोडलेल्या मानेसाठी. ते काम हॉस्पिटलचं, ऑपरेशन थिएटरचं. अपघात होऊन मान दुखावली असेल तर आपल्या कपाटाकडे बघायचंसुद्धा नाही, हे इथेच सांगून टाकतो.

आता आमच्या घरची गोष्ट. चार वर्षांपूर्वी सौ.ची मान धरली आणि डाव्या हातातून कळ यायला लागली. रात्री उशी छातीशी धरून बसून राहायची. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि औषधाबरोबर दोन-तीन आठवडे ट्रॅक्शन व व्यायाम सांगितला. रोज रिक्षाने जायचं, पंधरा मिनिटं ताण घ्यायचा आणि रिक्षाने परत यायचं. पावसाळ्यातले आपले वसईचे रस्ते तुम्हाला मी काय सांगू! पंधरा मिनिटांत मिळवलेलं परतीच्या दहा मिनिटांत खड्ड्यांत जमा. शेवटी फिजिओ मॅडमच म्हणाल्या, घरी करता येईल, मी शिकवते, किट आणा.

किट आणलं. दाराच्या वरच्या कडेला अडकवायचा आकडा, त्यावर दोन प्लॅस्टिकच्या कप्प्या, दोरी, एका टोकाला पाण्याची पिशवी, दुसऱ्या टोकाला डोक्याचा पट्टा. किंमत माफक, कल्पना चांगली. पण आमचं दार सागवानी, जाड, आकडा बसेना. दुसऱ्या दाराला बाहेरून जाळीचं दार. बाथरूमच्या दाराला बसला, तर तिथे खुर्ची ठेवायला जागा नाही. पिशवीवर आकडे पाउंडात. मला पाउंड म्हटलं की विनिमय दर आठवतो, वजन नाही! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा सरळ हिशेब सोडून २.२ ने भागत बसायचं. आणि ज्या दुकानातून आणलं तिथल्या विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की दाराकडे पाठ करून बसवा. मॅडम आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. दाराकडे पाठ केली की मान मागे ओढली जाते. बसायचं दाराकडे तोंड करून, म्हणजे मान थोडी पुढे झुकते आणि मागच्या बाजूच्या फटी उघडतात. हा नुसता अनुभवाचा भाग नाही. १९६५ साली अमेरिकेत कोलाचिस आणि स्ट्रोम या दोघांनी ताण देऊन एक्स-रे काढले आणि मणक्यांमधली जागा ओढण्याच्या जोराप्रमाणे व कोनाप्रमाणे कशी बदलते ते मोजलं. कोन चुकला तर जोर बरोबर असूनही उपयोग नाही.

मॅडमचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला. बसून ट्रॅक्शन घेताना पहिले चार-पाच किलो नुसते डोक्याचंच वजन पेलण्यात जातात. त्याच्यावरचं काय ते मानेला मिळतं. आडवं झोपलं की डोकं गादीवर टेकलेलं असतं, कमी वजनात काम होतं आणि माणूसही सैल पडतो. म्हणजे झोपून घेता येईल असं काहीतरी हवं. विजेवर चालणारी यंत्रं असतात, पण ती घरासाठी महाग, आणि २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं तेव्हा वीज किती दिवस नव्हती ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. कप्पीला वीज लागत नाही. आपल्या वसईच्या वाड्यांनाही पूर्वी विजेशिवाय, रहाटानेच पाणी मिळायचं.

इथे आमचे ‘सी’ विंगमधले मित्र आले. आयुष्य टूलरूममध्ये गेलं, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी आधी टेप काढला आणि तीन दिवस नुसते लोकांच्या घरी जाऊन पलंग मोजले. मला वाटलं, हे काय चाललंय? पण फरक बघा. आमचा पलंग जुना, लाकडी, खाली पाय घालायला जागा असलेला. वरच्या मजल्यावर बॉक्सचे पलंग, खाली फटच नाही. आणि तळमजल्यावरच्या दोन घरांत पावसाच्या पाण्याच्या धास्तीने पलंगाच्या पायांखाली कायमच्या विटा. गादीची उंची कुठे चौदा इंच, कुठे सव्वीस. त्यात आमची सौ. पाच फुटांनाही एक इंच कमी आणि ‘ए’ विंगमधले एक गृहस्थ सहा फुटी. अण्णा म्हणाले, “एकाच मापाचा स्टँड केला तर तो फक्त तुमच्या घरचा होईल, सोसायटीचा नाही.”

मग गौराईपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेटरकडे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. उभा खांब म्हणजे एकात एक सरकणारे दोन चौकोनी पाइप. फॅब्रिकेटरचं म्हणणं, बाजूने एक बोल्ट आवळला की पाइप हवा तिथे थांबतो, भोकं कशाला पाडता, मजुरी वाढेल. अण्णा ठाम. “घर्षणाच्या भरवशावर माणसाची मान टांगायची नाही.” दर इंचाला भोक, आरपार जाणारी पिन आणि पिनेच्या टोकाला क्लिप, म्हणजे ती आपोआप निसटणार नाही. वरची कप्पी ज्या आडव्या दांडीवर आहे ती दांडीही पुढे-मागे सरकते. कोन बदलायचा तो तिने आणि खांबाच्या उंचीने.

बॉक्सच्या पलंगाचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला तो मला अजून आवडतो. स्टँडचे पाय पलंगाखाली घालता येत नाहीत, मग तो रुग्णाच्या अंगावर कलणार नाही का? अण्णांनी कागदावर बाण काढून दाखवला. दोरीचा ओढा पलंगाच्या दिशेने आहे, म्हणजे खांब पलंगाच्या कडेवरच रेलणार. तिथे रबराची जाड पट्टी लावली, तळाला रुंद वजनदार पाय दिले. पलंगाचं डोक्याकडचं टोक बहुतेक घरांत भिंतीला टेकलेलं असतं, म्हणून रुग्णाने पायथ्याकडे डोकं करून झोपायचं. एवढी एक सवय बदलली की काम झालं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कप्पीवर. आम्ही रद्दीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा स्प्रिंगकाटा आणला आणि पट्टा व दोरी यांच्यामध्ये लावला. पिशवीत मोजून चार लिटर पाणी. किटमधल्या कप्प्यांवरून दोरी सोडली तर काटा चार दाखवेचना. रुग्ण किंचित कप्पीच्या बाजूला सरकला की काटा कमी दाखवायचा, उलट बाजूला सरकला की जास्त. वजन तेच, पाणी तेच. दोरी कप्पीत अडखळते आणि तो अडखळा मानेच्या हिशेबात कधी जमा होतो, कधी वजा. अर्ध्या किलोच्या आसपास फरक पडत होता. चार किलोत अर्धा किलो म्हणजे थोडा नाही. बँकेत असती तर मी ती कॅशबुक बंदच करू दिली नसती. अण्णांनी बेअरिंगची मोठी कप्पी लावली, दोनाऐवजी जमेल तिथे एकच, आणि दोरी गुळगुळीत घेतली. फरक खूप कमी झाला. तो स्प्रिंगकाटा मात्र आम्ही काढला नाही. पिशवीत किती पाणी आहे यापेक्षा मानेला प्रत्यक्ष किती ताण मिळतोय ते समोर दिसलेलं बरं.

पट्ट्याचं काम फिजिओ मॅडमनी पाहिलं. ताण हनुवटीवर आला की जबडा दुखतो, दात आवळले जातात. तो डोक्याच्या मागच्या, मानेच्या वरच्या हाडावर यायला हवा. म्हणून पट्ट्याची मागची बाजू आखूड करता येते, पुढची सैल. ज्यांना कवळी आहे त्यांना त्यांनी ती काढू नका म्हणून सांगितलं, नाहीतर जबडा जास्तच मिटतो. आणि एक दुसरी दोरी रुग्णाच्या हाताशी येते. ती ओढली की पाण्याची पिशवी वर उचलली जाते आणि ताण सुटतो. घरात एकटं माणूस असतं, दाराची बेल वाजते, खोकल्याची उबळ येते. दुसऱ्याला हाक मारून सोडवून घ्यावं लागणारं उपकरण घरात नको, ही सौ.ची मागणी होती आणि ती अण्णांनी पहिल्या दिवसापासून पाळली. ज्याची मान अडकणार आहे त्याला आधी विचारा, असं ती तेव्हा म्हणाली होती, जरा रागानेच.

पवईच्या आयआयटीत २०१४ साली प्राध्यापक बी. रवी यांच्या पुढाकाराने ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला पैसा दिला, पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत त्याच्या शाखा झाल्या. तिथली पद्धत अशी की इंजिनिअरने आधी डॉक्टरांबरोबर बसायचं, नक्की अडतंय कुठे ते समजून घ्यायचं आणि मग हत्याराला हात लावायचा. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग मी तीन दिवस पलंग मोजत होतो ते काय करत होतो?” आपल्या सोसायटीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी मात्र त्या केंद्राची माहिती जरूर काढावी. सगळ्यांनीच मोबाइलची ॲप्स बनवायला हवीत असं काही नाही.

स्टँड झाला तसा फॅब्रिकेटर म्हणाला, पन्नास नग काढू, मेडिकलच्या दुकानांत ठेवू. हिशेब त्याने कागदावर मांडूनही दाखवला आणि हिशेब चांगला होता, हे मी बँकेचा माणूस म्हणून मान्य करतो. आम्ही नाही म्हटलं. आपल्या देशात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. धोक्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग, नोंदणी, दर्जा, जबाबदारी. बनवून विकायचं तर त्या वाटेने जायला हवं आणि ती वाट सत्तरीतल्या दोघांची नाही. आमचा स्टँड एक आहे आणि एकच राहणार. तो मॅडम स्वतः येऊन रुग्णाच्या घरी लावून देतात, किती वजन, कोणता कोन, किती मिनिटं ते वहीत लिहितात आणि पिनेच्या भोकाचा नंबरसुद्धा टाकतात. भोकांना नंबर आम्ही रंगाने घातले आहेत.

आता कागदाचं. ट्रॅक्शनने सगळ्यांनाच बरं वाटतं असं नाही, हे आधी कबूल करायला हवं. २००८ साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी जगभरचे प्रयोग तपासले आणि मानदुखीत ट्रॅक्शनचा फायदा होतो की नाही, हे ठरवायला पुरेसा भक्कम पुरावा नाही, असं सांगितलं. पुढे २०१४ साली अमेरिकेत ज्युली फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी नस दबलेल्या ८६ रुग्णांवर प्रयोग केला. त्यात नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा व्यायामाबरोबर यंत्राने ट्रॅक्शन घेणाऱ्यांना अधिक फायदा झाला. दारावरच्या किटचा फायदा मात्र तेवढा दिसला नाही. म्हणजे योग्य माणसाला, योग्य रीतीने आणि व्यायामाच्या जोडीने. आमच्या सौ.ला तीन आठवड्यांत हाताची कळ कमी झाली. ट्रॅक्शनने की व्यायामाने की औषधाने, ते मी सांगू शकत नाही. मान हलवायचे व्यायाम ती अजून करते, स्टँड परत कपाटाशेजारी आला.

आणि काहींना ट्रॅक्शन द्यायचंच नसतं. आमवात असलेल्यांना, हाडं ठिसूळ झालेल्यांना, मणक्यात गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल तर, मान वळवली की चक्कर येत असेल तर, आणि नसेऐवजी मुख्य मज्जारज्जूच दाबला जात असेल तर. बाहेरून हे सगळे ‘मान दुखते’ असंच सांगतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, त्या घरच्यांच्या परवानगीने सांगतो. एक जण रात्री नऊ वाजता स्टँड न्यायला आले. आईची मान दुखतेय, ती माऊली तळमळतेय, उद्या रविवार, डॉक्टर कुठे शोधू? मी म्हटलं कागद आणा. ते चिडले. सोसायटीच्या मालकीची वस्तू, मी मेंटेनन्स भरतो, तुम्ही अडवणारे कोण? शब्दाला शब्द वाढला. जिन्यात चार माणसं गोळा झाली. त्यातल्या दोघांचं मत, देऊन टाका, म्हातारीला त्रास होतोय. मी दिला नाही. पण फिजिओ मॅडमना फोन लावला आणि त्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेल्या. आजींना त्यांनी मान दाखवायला सांगण्याआधी पोलक्याचे हुक लावायला सांगितले. लागेनात. पाच पावलं चालायला सांगितलं, पाय अडखळत होते, आणि हे दोन महिन्यांपासून होतं. घरच्यांना वाटत होतं वयामुळे. मॅडमनी मानेला हातही लावला नाही, सरळ मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. एमआरआय झाला, मज्जारज्जू दबलेला निघाला, मुंबईत ऑपरेशन झालं. आजी आता काठी घेऊन गणपतीच्या आरतीला खाली येतात. त्या रात्री स्टँड दिला असता तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही आणि विचारायचंही नाही. चिरंजीव माझ्याशी त्यानंतर बरेच दिवस बोलत नव्हते. हल्ली बोलतात, पार्किंगवरून भांडतातही.

तर नियम असा आहे आणि कमिटीने तो ठरावात घेतला आहे. कागद हवा, तोही तीन महिन्यांच्या आतला. स्टँड मॅडम लावून देणार. घरातल्या एकाने त्यांच्यासमोर दोनदा लावून-सोडून दाखवायचं. हातात मुंग्या वाढल्या, चक्कर आली, पायात अशक्तपणा वाटला तर दोरी ओढायची, उठायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचं नाही, आधी डॉक्टर. डिपॉझिट पाचशे रुपये, परत मिळणार. ज्याला ते जमत नाही त्याने मला बाजूला घेऊन सांगावं, वहीत त्याची नोंद होत नाही.

शेवटी एक अडचण मांडतो. सध्याचा पट्टा मोठ्या मापाचा आहे, बारीक चणीच्या बायकांना तो कानावर येतो. अण्णांनी लहान मापाचा कागदी नमुना कापून ठेवला आहे. जाड कॅनव्हास आणि आतल्या बाजूला लावायचं मऊ फ्लॅनेल मी आणून देतो. महिला मंडळात ज्यांच्याकडे जाड कापडावर चालणारं शिलाई मशीन असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर आमच्या सौ.ला भेटावं. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे, हिरवी साडी.